निवडणूक झाली की

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे मित्र बसले होते. त्यांतला एक परदेशात मुलाकडे राहून आलेला.

“तिथला पंतप्रधान पक्का लबाड रे.”

“तिथलं राजकारण बरंच कळायला लागलं की तुला!”

“दिवसभर टीव्हीच तर बघायचो.”

“आणि मुलगा?”

“दमून यायचा. जेवतानाही फोनवर.”

“नातीशी तरी गप्पा?”

“तिला आपली भाषा कुठे येते?”

“सून?”

“पाहुणे आले की म्हणायची, बाबा, तुम्ही आत बसा.”

“आता पुन्हा कधी जाणार?”

“निवडणुकीची गडबड आहे, ती उरकली की लगेच बोलावतो, म्हणाला होता.”

“कधी आहे निवडणूक?”

“झाली गेल्या महिन्यात. निकाल लागल्या लागल्या मीच फोन केला.”

“मग, काय म्हणाला?”

“म्हणाला, कसला निकाल?”