सिस्टरचं पदक

मदुराईच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी म्हाताऱ्या होत्या: निवृत्त नर्स स्टेला आणि तिची जुनी पेशंट पेचियम्मा.

“सिस्टर, टीव्हीवर ऐकलंत? डोकी मोजून जागा वाटल्या, तर दिल्लीत आपले खासदार कमी होणार म्हणे.”

“कमी? का गं?”

“आपल्याकडं माणसं कमी म्हणून.”

“अगं, पण कमी करा असं दिल्लीनंच सांगितलं होतं!”

“मला काय सांगता? दोन पोरी झाल्यावर मला नसबंदीच्या ऑपरेशनला तुम्हीच नेलंत. सासू दारात आडवी पडली होती, तिला ओलांडून!”

“देवा! सगळं गाव नेलं गं मी. दिल्लीनं पदक दिलं त्याचं.”

“कुठंय ते?”

“भिंतीवर. येशूच्या शेजारी.”

“आधी उतरवा, सिस्टर. उद्या आपल्याविरुद्ध तोच पुरावा दाखवतील.”