रविवारी सांगायचं होतं ते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा मंडळाचे प्रमुख माननीय वेंडेल क्राउस, मुख्याध्यापिका ओडेट मायर, सत्कारमूर्ती ग्रेटा लुंडीनबाई, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, आणि सगळ्यांच्या जेवणासाठी घरून झाकलेली भांडी घेऊन वेळेवर आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी डेल विसोकी. गोठ्यागोठ्यांतलं दूध चीजच्या कारखान्यात पोचवणारा टँकर माझा. भाषण हा माझा प्रांत नव्हे. पालकांतर्फे बोलायला दुसरं कोणी का मिळालं नाही, असं मी ओडेटबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मिळाले असते. पण लुंडीनबाईंनी तुमचंच नाव सांगितलं." म्हणून उभा आहे.

सव्वीस वर्षं बाई या शाळेत मुलांचं ऐकून घेत होत्या. समुपदेशक हा त्यांचा हुद्दा. कामाचं खरं नाव ऐकणं. त्यांच्या खोलीतली कॉफी इतकी वाईट असायची की ती प्यायल्यावर माणूस आपोआप खरं बोलायचा. माझी त्यांची पहिली ओळख मात्र भांडणातून झाली. मी टँकर शाळेच्या फाटकासमोर लावून मित्राशी गप्पा मारत होतो. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डेल, तुमची ही लोखंडी गाय जरा पुढे हाका. पोरांना रस्ता दिसत नाहीये." मी निमूटपणे हाकली. अध्यक्षमहाराज हसताहेत, म्हणजे त्यांनाही कधीतरी हाकलेलं दिसतंय.

आता जे सांगणार आहे ते ऐकून कोणी हसणार नाही. पण ते वगळून बाईंना निरोप कसा द्यायचा?

दोन वर्षांपूर्वी, वसंतात, याच सभागृहात शाळा मंडळाची सभा भरली होती. एखाद्या मुलाने किंवा मुलीने शाळेत वेगळं नाव घेतलं, मला मुलगी नाही मुलगा म्हणा किंवा मुलगा नाही मुलगी म्हणा असं सांगितलं, तर शाळेने ते ताबडतोब आईवडिलांना कळवायचं, असा नियम यायचा होता. मी त्या नियमाच्या बाजूने उठलो. "मुलं आमची आहेत, शाळेने आमच्यापासून काही लपवू नये," एवढंच बोललो. टाळ्या पडल्या, नियम मंजूर झाला. मंडळी, आईबापांना कळायला हवं, असं मी आजही म्हणतो. त्यावरून माघार घ्यायला मी इथे आलेलो नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात तळं गोठलं तेव्हा माझी पंधरा वर्षांची मुलगी... माझा मुलगा. क्षमा करा, जीभ अजून वळायची आहे. माझ्या बायकोने, जॉईसने, आणि मी जन्माच्या वेळी ठेवलेलं नाव मी इथे घेणार नाही. त्याने माझ्याकडे तेवढंच मागितलं आहे. तर एमेट एका बुधवारी लुंडीनबाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "बाई, मी मुलगा आहे. मला शाळेत एमेट म्हणाल का?"

बाई म्हणाल्या, "म्हणेन. पण नियम तुला ठाऊक आहे. घरी कळवावं लागेल."

"मीच सांगतो. रविवारी बाबा आणि मी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणार आहोत. बर्फावर बसलं की बाबा ऐकतात. दुसरीकडे पळायलाही जागा नसते त्यांना."

माझं पोर मला किती ओळखत होतं, पाहा.

बाईंनी शाळा मंडळाच्या कार्यालयाकडे रविवारपर्यंतची मुदत मागितली. उत्तर आलं, नियमात ताबडतोब लिहिलंय, रविवार लिहिलेला नाही. बाई म्हणाल्या, मग हा फोन मी करणार नाही. शुक्रवारी दुपारी कार्यालयातल्या कुणीतरी तो केला. जॉईस तेव्हा कारखान्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला चीज बांधून देत होती. फोन करणाऱ्या माणसाने सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी "आपला दिवस चांगला जावो" म्हटलं.

संध्याकाळी एमेट घरी आला. मी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी म्हणालो, "शाळेतून फोन आला होता."

तो दारातच थांबला. दप्तरही खाली ठेवलं नाही. "बाईंनी केला?"

"कोणी का केला असेना. खरं आहे का ते?"

"मी रविवारी सांगणार होतो."

"रविवार कशाला? मी समोर बसलोय. आता सांग."

त्याने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "आता सांगायचं काय उरलं, बाबा?" आणि खोलीत गेला.

त्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो नाही. घरात भांडण झालं नाही, मंडळी. झालं असतं तर बरं होतं. ज्या घरात जेवताना एकमेकांच्या टोप्या उडायच्या, तिथे "मीठ दे" आणि "घे" एवढंच उरलं. नाताळ झाल्यावर तो जॉईसच्या बहिणीकडे, डुलुथला गेला. शाळा तिकडेच पुरी करतोय.

मी तणतणत लुंडीनबाईंच्या खोलीत गेलो. "तुम्हाला बुधवारीच कळलं होतं. बाप मी आहे. मला का नाही सांगितलंत?"

बाईंनी ती कॉफी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "डेल, तुम्हाला कळायलाच हवं होतं. त्याबद्दल माझं भांडणच नाही. पण त्याने इथे बसून तुम्हाला काय सांगायचं त्याची तालीम केली होती. एक वाक्य चारदा बदललं."

"कुठलं वाक्य?"

"ते माझ्याकडून मिळणार नाही. ते त्याचं आहे."

फोन न केल्याबद्दल मंडळाने बाईंवर ठपका ठेवला. एमेटला मात्र वर्षभर वाटत राहिलं की बाईंनीच दगा दिला. त्यांच्या नाताळच्या शुभेच्छांनाही त्याने उत्तर दिलं नाही. आणि बाईंनी स्वतःची बाजू मांडली नाही. निवृत्तीला अजून तीन वर्षं असताना त्या आज जात आहेत. त्याचं कारण त्या सांगणार नाहीत आणि अध्यक्षांसमोर मीही ताणत नाही.

ईस्टरला एमेट घरी आला होता, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. फोन बाईंनी केला नव्हता हेही. आजच्या समारंभाला ये म्हटलं, तर म्हणाला, "त्या सभागृहात मी पाय ठेवणार नाही. पण बाईंना सांगा, मला आता कळलंय." बाई, निरोप पोचवला.

नियम चूक की बरोबर, यावर या गावात अजून दहा सभा होतील. मी जाईन, बोलेनही. पण नुसतं कळणं आणि पोराने स्वतः सांगणं यांतला फरक मला त्या शुक्रवारपर्यंत माहीत नव्हता. बाईंना तो माहीत होता, आणि त्यांनी माझ्यासाठी फक्त रविवार मागितला होता.

बाई, पालकांतर्फे आपले आभार मानतो. अध्यक्षांनी मला मधेच थांबवलं नाही, त्यांचेही आभार. बोलण्यात कुणाचा मान कमी राखला गेला असेल, तर टँकरवाल्याचं बोलणं म्हणून पोटात घाला.

परवा धीर करून मी एमेटला फोनवर विचारलं, "ते वाक्य काय होतं रे?"

तो म्हणाला, "विसरलो, बाबा."

बरं म्हणालो. धन्यवाद.