चौथा स्क्रू

— न्हाई हो चाचा, बंदूक पडली-बिडली कुठं न्हाई. कपाटावर ठेवलेली असते, ह्यांच्याशिवाय तिला हात कोण लावतंय? आत्याबाई तर त्या बाजूनं झाडू पण मारत न्हाईत, आपोआप सुटली तर म्हणतात. बंदूक न्हाई सुटली, तिच्यावरची दुर्बीण गेली आपोआप. म्हणजे काच शाबूत आहे, तुमीच डोळा लावून बघा ना — आतली ती काळी फुली तिरपी होऊन बसलीय, आन् हलवलं की खुळखुळ वाजतंय, लेकराच्या खुळखुळ्यावाणी. तिसरी आहे ही. वैशाखात लग्न झालं, आता पौष लागला, आन् तिसरी. आमच्या गल्लीतल्या बायका आत्याबाईंना विचारायल्यात, काय हो लक्ष्मीबाई, सुनेची काही बातमी? त्या म्हणतात, आहे की, आणखी एक दुर्बीण गेली.

हे मोंढ्यात गेलेत, हळदीचा भाव बघायला. तासाभरात येतो म्हणले. मला म्हणले, ज्योती, तुला कळतंय ह्यातलं, तू बघून ठेव, पण आता अशी मजबूत घे की दहा वर्षं तिकडं फिरकायचं काम पडू नये. दहा वर्षं! — मी म्हणलं, बरं. मी सगळ्यालाच बरं म्हणते, चाचा. आमच्या गावात कुणालाही विचारा, प्रज्ञेशची बायको कशी आहे, तर म्हणतील लई शांत, तोंडात जीभ आहे का न्हाई कळत न्हाई. आन् इथं तुमच्या घड्याळ-दुर्बिणीच्या दुकानात ह्या स्टुलावर बसलं की काय होतंय काय माहीत, सुरूच. तुमी काही बोलत न्हाईत म्हणून असंल. आन् दहा वर्षांचं बराबरच आहे ह्यांचं. सेनगावच्या पुढून यायचं, दिवस मोडतो, आन् मागं वानरं तुरीत मोकाट. सध्या शेंगा भरल्यात ना.

वानरांची गंमत सांगते तुमाला. मारायचं न्हाई, हा आमच्या सासऱ्यांचा नियम. जिवाला छर्रा लागता कामा नये. मग करायचं काय? तर बांधावरच्या बाभळींना तेलाचे रिकामे डबे टांगलेत, चार कोपऱ्यांना चार, आन् हे आखाड्यावर, शेतातल्या खोपटापाशी, बसून डब्यावर नेम धरतात. डबा वाजला की वानरं पळाली. सुरुवातीला पळायची बरं का. आता पळत न्हाईत. आता आधी ह्यांच्याकडं बघतात, मग डब्याकडं बघतात, की लागतोय का न्हाई. एक म्हातारं वानर तर डब्याखालीच येऊन बसतं — सगळ्या शेतात तेवढीच जागा धोक्याची न्हाई हे त्याला कळलंय. हसू नका. मला पण लई हसू येतं, पण मी पदर तोंडाला लावून भाकऱ्या मोजत बसते.

व्हय, तुमी सांगितलेलं ध्यानात आहे माझ्या. खरी बंदूक एकीकडंच धक्का देते, मागं. ही स्प्रिंगवाली आधी मागं जाते, आन् आतला दट्ट्या पुढं जाऊन आदळला की लगेच पुढं झटका देते. दोन्हीकडून. म्हणून पहिली दुर्बीण, ती बंदुकीसंगं आलेली, तिचं काही नवल न्हाई, ती खेळणंच होती. पण दुसरी! ती ह्यांनी फोनवरून मागवली होती, काळी, जाडजूड, हातभर लांब. डब्यावर लिहिलं होतं, मोठ्या शिकारी बंदुकीसाठी. सगळ्या गावानं हातात घेऊन वजन बघितलं. जळबा काका — ह्यांचे चुलते, शेजारचं शेत त्यांचं — ते म्हणले, वाघाच्या बंदुकीची दुर्बीण आहे ही, छऱ्याच्या बंदुकीला काय दाद देती. पंधराव्या दिवशी आतली भिंगं निसटली. तुमी म्हणलात, बेटा, ती फक्त मागचा धक्का सोसायला केलेली असते, पुढचा येईल असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. — मी घरी जाताना पूर्ण रस्ताभर त्याच्यावरच विचार करत होते. गाडीवर मागं बसून दुसरं करता तरी काय येतं.

बाबांची चूक म्हणावी तर चूकच. पण त्यांना काय ठावं? वसमतला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते, तिथं नेमबाजी शिकले, जिल्ह्याला दोन पदकं आहेत माझी. ती रायफल कॉलेजची होती, नाजूक, हलकी, कागदावर टिकली मारायची. लग्न ठरलं तशी सही करून परत दिली. बाबा बघत होते. आन् आंदण द्यायची वेळ आली तर नांदेडला जाऊन दुकानदाराला म्हणले, पोरीची नेमबाजी सुटू नये, सगळ्यात जोराची असंल ती द्या. लायसन लागत न्हाई त्या मापातली, पण त्या मापात एकदम वरची! मांडवात कपाट, कूलर, मिक्सर, आन् मिक्सरच्या बाजूला ही — झेंडूचा हार घातलेली, वर चिठ्ठी, वधूपिता भीमराज यांजकडून. माझ्याबरोबर कमी आन् तिच्याबरोबर फोटो जास्त निघाले. ह्यांनी तर खांद्यावरच घेतली. त्या दिवसापासून ती ह्यांचीच झाली. आंदणातलं कपाट पण आत्याबाईंचंच झालं म्हणा, पण कपाटाचं मला काही वाटत न्हाई.

चालवू देत न्हाईत असं न्हाई हो. कुणी न्हाई म्हणलंच न्हाई. तीच तर तकलीफ आहे. बघायला आले तेव्हा स्वतः म्हणले होते, आमाला अभिमानच आहे. मग लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी एकदा आखाड्यावर उभी राहून डबा वाजवला. एकच. पहिल्या छऱ्यात. म्हातारं वानर पण उठून गेलं. जळबा काका बांधावरून बघत होते. संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले आन् हसत हसत ह्यांना म्हणले, पोरा, तू आता चूल बघ, रानाचं ती बघंल. बस. एवढंच. हे पण हसले. दुसऱ्या दिवशी बंदूक कपाटावर गेली — माझा हात पुरत न्हाई तिथं. स्टूल घेतला की पुरतो. पण स्टूल सरकवल्याचा आवाज होतो.

काय? काय म्हणलात? — दाखवा. दट्ट्याचं हे चामड्याचं वायसर? जळलंय? म्हणजे... म्हणजे झिजलं असंल, वापरून. छर्रा न घालता चालवली की असं होतं? न्हाई, हे कशाला रिकामी चालवतील. आत्याबाई? तुमी पण ना चाचा, आत्याबाई! — असं बघू नका माझ्याकडं. छर्रा असला की दट्ट्याला पुढं हवेची गादी मिळते, नसला की लोखंडावर लोखंड, माहीत आहे मला, तुमीच सांगितलंत मागल्या खेपेला. सांगायला नको होतं तुमी.

चाळीस वेळा. तीन दुपारी मिळून. आत्याबाई झोपल्या की स्टुलाच्या पायांना चिंध्या बांधायच्या, बंदूक उतरवायची, गोधडीत गुंडाळायची आन् रिकामी — ठक्. ठक्. पहिल्या दिवशी काहीच झालं न्हाई. तिसऱ्या दिवशी डोळा लावला तर फुली तिरपी. काय सांगू, मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांना म्हणलं, अहो, दुर्बीण पुन्हा गेली वाटतं. हे कपाळाला हात लावून बसले आन् मी मनात उद्या कोणती साडी नेसायची ते ठरवत होते.

काहून म्हणजे? तुमाला न्हाई कळलं अजून? दुर्बीण बसवली की नेम बसवावा लागतो. दहा छर्रे. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुमाला त्या पुठ्ठ्यावरचा ठिपका दिसंना, तुमी म्हणलात, बेटा, तेरी नजर अच्छी है, जरा देख. हे मोंढ्यात. मागच्या अंगणात मी, रेतीचं पोतं आन् दहा छर्रे. भाद्रपदात दहा, दिवाळीनंतर दहा. आठ महिन्यांत माझे वीस छर्रे झाले, चाचा. आखाड्यावरचा धरला तर एकवीस. ह्यांना वाटतं नेम तुमी बसवता. घरी गेल्यावर म्हणतात, खाजा मियाचा हात म्हणजे हात आहे. मी म्हणते, व्हय, म्हातारा आहे पण नजर आहे.

आणा त्या दोन्ही दुर्बिणी. ही चमकणारी ठेवा बाजूला, ही किती दिवस चालंल? दोन महिने? खोटं सांगू नका — दोनच ना. फिरवली की लहान-मोठं दिसतंय, आत ढिलं आहे सगळं. आन् ही? साधी, बुटकी, फिरवायचं काही न्हाईच. भिंगं दोन्ही बाजूंनी कड्यांत धरलेली, मागून पण आन् पुढून पण. स्प्रिंगवालीसाठीच केलेली. दहा वर्षं? त्याच्यावर पण? — बसवून बघू द्या. नुसती बसवून. निवडायची म्हणजे बघावं तर लागंल ना.

पुठ्ठा सरळ करा जरा. हं. बघा, हाताच्या तळव्यावर नुसती ठेवायची ही, मुठीत आवळायची न्हाई. घट्ट धरली की ही कुठं मारंल ह्याचा भरवसा न्हाई, सैल ठेवली की निमूट जाते. हे आवळून धरतात. एकदा सांगून बघितलं — म्हणले, बंदूक आहे, फूल आहे का. — आता बोलू नका. मी पण न्हाई बोलत.

...लागला? किती? दोन बोटं डावीकडं. बाजूची टोपी काढा, न्हाई, राहू द्या, मी फिरवते. चार खटके.

...आता? ठिपक्याच्या कडंला. बघा तर. काच बघा चाचा ह्याची! त्या भिंतीवरची मुंगी दिसून राहिली मला, तोंडात काय धरलंय ते पण. कॉलेजातल्या रायफलीला पण असं नव्हतं.

...ठिपका.

...परत ठिपका. ...हा पण. त्याच भोकात गेला का? मोठं पण झालं न्हाई भोक? — थांबा, मला जरा बसू द्या.

पाच राहिले. बराबर ना? आन् ही घेतली तर त्याच्यानंतर दहा वर्षं काही न्हाई. ती चमकणारी घेतली तर होळीला पुन्हा येते मी. सोपं आहे. तीच घ्यायला पाहिजे. पण असं दिसल्यावर ती कशी घेऊ? तुमी सांगा. तुमी घड्याळवाले माणूस, तुमी मुद्दाम मागं पडणारं घड्याळ कुणाला दिलंत का कधी? — न्हाई ना. मला पण हात लावावा वाटंना तिला. बाबांनी सगळ्यात जोराची आणली, आन् मी तिच्यावर ते बुजगावणं बांधू?

...ठिपका. ...ठिपका. ...हा जरासा गेला, माझा श्वास हलला. ...ठिपका. नऊ झाले. दहावा राहू द्या. तो डबीत वेगळा ठेवा.

आता शेवटची पक्की कसून द्या. चार स्क्रू आहेत ना कडीला, पट्टीवर आवळायचे. — चाचा, एक विचारू? ह्या गाडीच्या धक्क्यांनी स्क्रू आपोआप पण सैल होतातच की न्हाई? होतात. एखादा अर्धा आटा सैल राहिला तर दुर्बिणीला काही होत न्हाई, नुसता नेम हळूहळू सरकतो. महिन्याभरात डबा चुकायला लागतो. बराबर? मी दुर्बीण फोडा म्हणत न्हाई तुमाला. खोटं बोला पण म्हणत न्हाई. हाजी माणूस तुमी, गॅरंटीच्या कागदावर नाव टाकता. नुसते तीनच कसा. — न्हाई? — का न्हाई? — काम म्हणजे काम, हे मला पण कळतं हो. अर्धा आटा, चाचा. ह्या जगात कुणाचं काय बिघडतंय अर्ध्या आट्यानं? वानरांचा फायदा होईल थोडा.

हॉर्न. ह्यांचाच. दोनदा वाजवतात, एकदा मला आन् एकदा कुणी मधे आलं तर त्याला.

कसले ना तीन? मग स्क्रूची चावी द्या इकडं. त्या डब्यात अशा विसेक चाव्या पडल्यात, पण हीच द्या, हातातली. चौथा मी कसते. तुमच्या हातून न्हाई झालं, म्हणजे तुमच्याकडं काही न्हाई. माझ्या हातून झालं. — झालं. घ्या तुमची चावी.

— आलात? भाव काय निघाला? ...बरं. व्हय, झालं सगळं. ही घेतली, साधीच आहे, पण दोन्हीकडून धक्का सोसते म्हणे. दहा वर्षं. चाचांनी नेम पण बसवलाय, तो बघा पुठ्ठा. ...व्हय, हात म्हणजे हात आहे त्यांचा.

चावी? चावी कशाला तुमाला? ...फोनवर बघितलं होय. अधूनमधून घरीच कसायचे. ...मला काय माहीत, मिळती का न्हाई. चाचांना विचारा ना. त्यांचं दुकान आहे.

...

काय म्हणलात, चाचा? संपल्यात? एक पण न्हाई? ...ऐकलंत ना, चावी न्हाई म्हणतात. इथंच आणून कसून घ्यावी लागंल म्हणे, महिन्याला. मी काय करू, मी थोडीच म्हणायले. त्यांच्या तोंडचं आहे.

धरा तुमी बंदूक, मी पिशवी घेते. — हे गेले पुढं. चाव्यांच्या डब्यावर टाकलात तो पेपर तसाच राहू द्या, चाचा, उचलू नका आता.

येते मी.