कोबीचा चौकोन

(लाइपझिगमधल्या, मंडळाकडून भाड्याने मिळणाऱ्या बागांच्या वसाहतीतली एक लाकडी खोली. रविवारची दुपार. म्हातारे नवराबायको पुठ्ठ्याचे चौकोन मांडून बाग रचायचा खेळ खेळताहेत.)

इर्मट्राउट : पुन्हा बटाटे? अरे राइनहोल्ट, बटाट्याला एकच गुण आहे. गुलाब लाव, चार मिळतील.

राइनहोल्ट : तिसरा हिस्सा भाजीपाल्याचा हवा.

इर्मट्राउट : तो आपल्या बागमंडळाचा नियम. या खेळात तसलं काही नाही. पोरीने खेळ पाठवताना चिठ्ठीत लिहिलंय, 'बाबा, इथे कोणी टेप घेऊन वाफे मोजायला येत नाही.'

राइनहोल्ट : एकेचाळीस वर्षं मोजून पेरलं. हात आपोआप तिकडेच जातो.

इर्मट्राउट : आणि डाव हातचा जातो. दोन हरलास, हा तिसरा. पैज तूच घातलीस ना? तिनातला एक जिंकलास तर बाग आणखी वर्षभर ठेवायची, नाही तर आज बाग सोडल्याच्या कागदावर सही.

राइनहोल्ट : घातली खरी.

इर्मट्राउट : चार वाजता मंडळाच्या वेंडिशबाई कागद न्यायला येतील. बागेसाठी तेवीस कुटुंबं यादीत ताटकळताहेत. दोनदा बाईंना रिकाम्या हाताने परत पाठवलं. मला आता त्यांच्यापुढे उभं राहवत नाही.

राइनहोल्ट : कॉफी ओत जरा.

इर्मट्राउट : केकही घे. आपल्याच झाडाचे प्लम आहेत.

राइनहोल्ट : यंदा आंबट निघाले.

इर्मट्राउट : पाणी कमी पडलं. जुलैत माझी पाठ धरली होती.

राइनहोल्ट : माहीत आहे.

इर्मट्राउट : काय माहीत आहे तुला? खुर्चीत बसून 'वाफा वाकडा झालाय' एवढं सांगतोस. खुब्याचं ऑपरेशन तुझं झालं आणि वाकणं माझ्या वाट्याला आलं. चिडून नाही बोलत. चिडायलाही जोर लागतो.

राइनहोल्ट : तुझी पाळी.

इर्मट्राउट : कारंजं आलं. सहा गुण. आता शेवटचा चौकोन तुझा. हातात काय उरलंय?

राइनहोल्ट : गुलाब आणि कोबी.

इर्मट्राउट : मग गुलाब ठेव त्या कोपऱ्यात. दोन गुणांनी जिंकतोस. थांबलायस कशाला?

राइनहोल्ट : कोबी ठेवतो.

इर्मट्राउट : अरे, कोबीलाही एकच गुण, हरशील! इथे नियम नाही, किती वेळा सांगू?

राइनहोल्ट : नियमासाठी नाही ठेवत. मोजून बघ, तिसरा हिस्सा केव्हाच भरलाय.

इर्मट्राउट : मग?

राइनहोल्ट : रोज सकाळी तू पलंगाची कड धरून उठतेस. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो. 'बाग सोडू या' हे काही माझ्या तोंडून निघेना गं. हरलो म्हणून सोडली, एवढं तरी म्हणता येईल. पेन दे.

इर्मट्राउट : म्हणजे तिन्ही डाव तू मुद्दाम...

राइनहोल्ट : छे. पहिले दोन खरेच हरलो.

इर्मट्राउट : इथे कर. माझ्या सहीच्या शेजारी.

राइनहोल्ट : झाली. आता रडू नकोस. महिनाअखेरीपर्यंत बाग आपलीच आहे.

इर्मट्राउट : बागेसाठी नाही रे रडत. तू सही केलीस आणि मला हायसं वाटलं. एकेचाळीस वर्षांनी हायसं वाटावं, त्याचं रडू येतंय.