मऊ केलेला निरोप

पुरवणी जबाब

जबाब देणार : टेलरताई म्हणून परिचित, वय ६१ वर्षे, विधवा, धंदा घरगुती शिवणकाम व कपडे दुरुस्ती, राहणार तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिन्याला लागून डावीकडची खोली.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी सत्तावीस वर्षांपासून राहते. माझ्या खाली पहिल्या मजल्यावर निवृत्त गणित शिक्षक राहतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, वय ७३. त्यांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी आजाराने वारल्या. त्यांना मी वहिनी म्हणत असे. माझ्या वर तिसऱ्या मजल्यावर माझा सख्खा धाकटा भाऊ राहतो, वय ५४, धंदा सुतारकाम. त्याने लग्न केलेले नाही. पुढच्या खोलीत तो राहतो आणि मागच्या खोलीत त्याचे करवतीचे मशीन आहे. आम्ही तिघेही एकाच चर्चचे सभासद आहोत. तिथे रविवारच्या शाळेत मी लहान मुलांना शिकवते.

गेल्या रविवारी संध्याकाळी हवालदार घरी आले तेव्हा मी असा जबाब दिला की, मास्तर जिना चढताना पाय घसरून पडले, कोणी हात लावला नाही, कोणाचे कोणाशी वैर नाही. तो जबाब खोटा आहे. खोटी साक्ष देऊ नये हे मी मुलांकडून पाठ करून घेते, आणि हवालदारांनी वही उघडायच्या आत मी ती देऊन मोकळी झाले. वर त्यांना चहा दिला.

आज मी कोणाच्या दबावाखाली आलेली नाही. मास्तर इस्पितळात सांगतात की भावाने पाडले, आणि माझा जबाब सांगतो घसरले. त्यामुळे इमारतीत बोलले जाते की मास्तरांचे आता वय झाले, काहीही बरळतात. ज्या माणसाने जन्मभर पोरांची गणिते तपासली त्याला लोक भ्रमिष्ट ठरवत आहेत, ते माझ्या एका वाक्यावरून. दुसरीकडे साहेबांनी मला आधीच स्पष्ट सांगितले आहे की, मी जबाब बदलला तर भावावर गंभीर दुखापतीचा गुन्हा लागेल आणि आज त्याला घरी जाता येईलच असे नाही. भाऊ चौकशीसाठी बाहेर बाकावर बसला आहे. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी चौदा. त्याला मीच लहानाचा मोठा केला. हे सगळे समजून मी बोलत आहे.

मास्तर व भाऊ यांचे चार वर्षांपासून बोलणे बंद होते. भावाच्या मशीनच्या आवाजावरून वाजले, असे इमारतीत सगळे समजतात. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षरस घेण्याआधी सगळे उभे राहतात, शेजारच्याचा हात हातात घेतात आणि ‘शांती असो’ म्हणतात. ज्याचे कोणाशी वाकडे असेल त्याने आधी ते सरळ करावे, मगच पुढे यावे, असा आमच्याकडे दंडक आहे. ती वेळ आली की मास्तर डाव्या दाराने आणि भाऊ उजव्या दाराने बाहेर पडत आणि चपलांपाशी एकमेकांकडे पाठ करून उभे राहत. पाऊस असला तरी. नियम मोडून आत थांबणे दोघांनाही कधी सुचले नाही. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई.

मागच्या आठवड्यात मी हे मिटवायचे मनावर घेतले. बुधवारी भावाचा डबा द्यायला वर गेले असता त्याला सांगितले, “मास्तर म्हणत होते, झालं गेलं सोडून देऊ.” मास्तर असे काही म्हणाले नव्हते. भाऊ म्हणाला, “म्हातारा असं म्हणाला? ताप-बीप आलाय का त्याला?” मी म्हणाले, “अरे, माणूस मऊ पडतो वयानं.” त्यावर तो बराच वेळ लाकूड घासत राहिला आणि मग म्हणाला, “मग माझं काय जातंय?”

गुरुवारी मास्तरांची पँट कंबरेला आत घेतली होती, ती द्यायला खाली गेले. त्यांना सांगितले, “भाऊ म्हणतो, माझं चुकलं. मास्तरांची माफी मागायचीय, पण समोर यायचं धाडस होत नाही.” भाऊ असे काही म्हणाला नव्हता. मास्तरांनी चष्मा काढला व विचारले, “असं म्हणाला? याच शब्दांत?” मी म्हणाले, “याच शब्दांत.” ते म्हणाले, “अजून काय म्हणाला?” पुढचे मी काही ठरवून गेले नव्हते, म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी होते असे ठोकून दिले. मास्तर खिडकीकडे वळले. दोन्ही वेळा मी जाण्याआधी प्रार्थना केली होती.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, आमच्या धंद्यात दोन तुकडे पुरत नसले तर मध्ये जोड द्यावा लागतो, आणि जोड नीट बसला की कोणाच्या लक्षात येत नाही. मला वाटले, एकदा हातात हात पडला की न बोललेले शब्द आपोआप खरे होतील. शिवाय हे मी जमवून आणले असे चार लोकांनी म्हणावे, अशीही इच्छा होती. तेही लिहावे.

रविवारी तसेच झाले. ‘शांती असो’ म्हणायची वेळ आली आणि दोघांपैकी कोणी बाहेर गेले नाही. मास्तर स्वतः तीन रांगा ओलांडून भावाकडे आले. भावाने दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला. बायका रडल्या. मीही रडले. दोघांनी चार वर्षांनी प्रभुभोजन घेतले. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारात माझे कौतुक केले, आणि मी ते ऐकून घेतले.

तिथून मी दोघांना चहाला माझ्याकडे बोलावले. अंदाजे अकरा चाळीसला आम्ही पहिल्या व दुसऱ्या मजल्यांमधल्या जिन्यावर होतो. मी पुढे, दार उघडायला किल्ली हातात. माझ्या मागे दोन पायऱ्यांवर मास्तर व भाऊ शेजारी शेजारी. मास्तर भिंतीकडे, भाऊ कठड्याकडे. मास्तर म्हणाले, “चार वर्षं लागली तुला, पण माफी मागितलीस. मनावरचं ओझं गेलं बघ.” भाऊ हसला. त्याला थट्टा वाटली. म्हणाला, “मी कधी माफी मागितली? तुम्हीच म्हणालात ना, सोडून देऊ म्हणून.” मास्तर म्हणाले, “म्हणजे तू मागितली नाहीस?” भाऊ म्हणाला, “मागायला मी केलंय काय?”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “अहो, आधी वर चला, चहा टाकते.” त्या वेळी मी एवढेच बोलले.

मास्तरांनी उजव्या हाताने भावाची कॉलर धरली व म्हणाले, “काय केलंय, असं विचारतोस?” भावाने हात वर करून तो झटकला. जोरात झटकला. त्याने छातीवर हात ठेवून ढकलले नाही, मारले नाही. पण झटकला नसता तर मास्तर पडले नसते. मास्तरांचा तोल गेला व ते सात पायऱ्या खाली पहिल्या मजल्यावर डाव्या कुशीवर पडले. मी दोन पायऱ्यांवरून स्वच्छ पाहिले आहे. भाऊ लगेच खाली धावला. नंतर त्याने वरून एक नवीन तयार केलेले दार आणले, त्यावर मास्तरांना निजवून तो व तळमजल्याचा इस्त्रीवाला यांनी त्यांना रस्त्यापर्यंत उचलून नेले. डाव्या खुब्याचे हाड मोडले असल्याचे इस्पितळात समजले.

साहेबांनी विचारले की, मशीनच्या आवाजावरून चार वर्षे कोणी वैर धरते का, मूळ कारण सांगा. मूळ कारण खालीलप्रमाणे आहे. ते कालपर्यंत मला एकटीलाच ठाऊक होते.

वहिनी वारल्या त्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमारास मास्तर अनवाणी माझ्या दारात आले. वरती मशीन चालू होते. ते म्हणाले, “वर जाऊन त्याला सांग, आत्ताच्या आत्ता बंद कर. ती जातेय. ती काहीतरी बोलतेय आणि मला ऐकू येत नाहीये.” इतके सांगून ते खाली पळाले. त्यांना वहिनींपासून दूर राहायचे नव्हते म्हणून त्यांनी मला पाठवले. आदल्या आठवड्यात जिन्यातल्या भुशावरून मास्तर व भाऊ यांची चकमक झाली होती. दोघेही तापट. मी वर जाता जाता विचार केला की, असाच्या असा निरोप दिला तर हा भडकेल, खाली जाऊन बोलेल, आणि मरणाच्या खोलीत भांडण होईल. म्हणून मी हसून म्हणाले, “जमलं तर आवाज जरा कमी कर रे.” भाऊ म्हणाला, “चौकट संपवतो आणि थांबतो.” मग त्याने मशीनवरून मान वर करून विचारले, “वहिनी कशा आहेत?” मी म्हणाले, “बऱ्या आहेत.”

वहिनी चारला पाच कमी असताना गेल्या. मशीन सव्वाचारला बंद झाले. मास्तरांना शेवटी त्यांचे ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. आपला निरोप जसाच्या तसा पोचला असे ते कालपर्यंत धरून चालले होते. भाऊ समजत होता की, म्हाताऱ्याला दुःखात कोणावर तरी राग काढायचा आहे. मी मध्ये राहत होते, आणि चार वर्षे दोघांनाही रोज भेटत होते.

आमचे वडील दारू पिऊन ओरडायला लागले की मी भावाच्या कानांवर हात ठेवत असे. तेव्हा त्याची गरज होती. नंतर मी हात काढलेच नाहीत. वरचा आवाज चढू नये, खालचा चढू नये, एवढ्यासाठी मी जन्मभर निरोप बदलत आले आणि त्याला शांती म्हणत आले. लोकही मला शांत स्वभावाची म्हणतात. खरे तर मी भित्री आहे.

काल दुपारी चार वाजता इस्पितळात भेटीच्या वेळेत मी मास्तरांना हे सर्व सांगितले. शेवटी त्यांनी विचारले, “त्यानं विचारलं होतं, ती कशी आहे म्हणून?” मी म्हणाले, “हो.” “आणि तू काय सांगितलंस?” मी जे सांगितले होते ते सांगितले. त्यांनी तोंड भिंतीकडे केले व म्हणाले, “ये तू आता.” त्यांनी मला माफ केले की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलेही नाही. भावाला मी अद्याप काही सांगितलेले नाही. माझी हिंमत झाली नाही.

वरील जबाब बाई पोलिसांनी मला वाचून दाखवला. पंख्याचा आवाज असल्याने त्यांनी मोठ्याने वाचला. दार उघडे होते. निरोपाचा भाग वाचून झाला तेव्हा भाऊ बाकावरून उठून दारात आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. तो साहेबांकडे न बघता मला म्हणाला, “वहिनी जात होत्या, ताई? बऱ्या आहेत म्हणालीस ना गं तू मला?” मी मानेने हो म्हटले. त्यावर तो म्हणाला, “मी बंद केलं असतं गं.” नंतर हवालदारांनी त्याला पुन्हा बाकावर नेऊन बसवले.

साहेबांचे म्हणणे पडले की हे वाक्य जबाबात बसत नाही, कारण तो साक्षीदार नाही. ते घेतल्याखेरीज मी सही करणार नाही असे सांगितले, कारण हा कागद मास्तरांसमोर जाणार आहे आणि निदान हा एक निरोप त्यांना त्याच्याच शब्दांत मिळाला पाहिजे. सबब ते घेतले आहे. सर्व मजकूर मी ऐकला. भावाच्या त्या वाक्यासह तो खरा आहे.

सही