बोरीच्या पारावरचा शेवट

हसायला बंदी असलेल्या देशाची ती कादंबरी आठवती का? शाळेत असताना आपला दत्ता बोरीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचा, तीच. परवा तिच्यावरचा सिनेमा बघितला आन् माझं डोस्कंच फिरलं. लगेच दत्ताला फोन लावला.

"शेवटाची पार वाट लावली की रे! अख्खा देश हसत सुटतो, सरकार पळून जातं, ते कुठं गेलं? यांचा हिरो तर रडत मरतो!"

दत्ता म्हणला, "पुस्तकातबी मरत असंल. वाचनालयाच्या प्रतीला शेवटची पानंच नव्हती. तुमी तर रोज येऊन बसायचे. पोथी अर्धी ठेवू नये, म्हणून मीच शेवट रचला."



मग म्हणलो, "तरी चूक त्यांचीच हाय. सिनेमा काढायच्या आधी एकदा पारावर येऊन ऐकायचं होतं."