आईच्या कुड्या

अग्रहार या जुन्या वस्तीत रत्नपारखी गुंडुरावांच्या दुकानात जमुनाबाई अंगठी दाखवायला बसल्या होत्या. त्यांच्या आधी दोघी बहिणींचा नंबर होता. आईच्या माणकाच्या कुड्या त्यांनी एकेक वाटून घेतल्या होत्या.

"धाकट्या बाई, तुमचा खडा अगदी स्वच्छ आहे."

"बघ अक्का! मी निवडलेला."

"म्हणूनच शंका आली. या भिंगातून बघा. आत वळणदार रेषा दिसतात?"

"हो, गाण्याच्या तबकडीवर असतात तशा."

"आणि बारीक गोल बुडबुडे. हा कारखान्यात वितळवून केलेला माणिक. थोरल्यांच्या खड्यात रेषा सरळ आहेत, सुईसारखे तंतू आहेत. तो खाणीतला, खात्रीनं सांगतो."

"अय्यो! म्हणजे सोनारानं आईला फसवलं!"

"कुणी फसवलं नाही, पद्मा. आईनंच खडा विकून हा बसवून घेतला. मी होते बरोबर."

"कधी?"

"तुला मेडिकलची सीट मिळाली ना, त्याच वर्षी."

"...मला कधी बोलली नाहीस, अक्का."

"आईनं शपथ घातली होती. घे, माझी कुडी तू घे."

"नको. मला हीच हवी. गुंडुराव, कापसात नीट गुंडाळून द्या."